दिवाणजींचा जिवंतपणा

"पैसे मागायला मी कोणाच्या दारी जाणार नाही. गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने, चारचौघांत, 'देतो' म्हणेल, तेव्हाच घेईन!"

जबलपूरच्या अधारताल भागातल्या घरी सकाळच्या चहावर रत्नाकरराव पांढरीपांड्यांनी ही घोषणा केली, तेव्हा बैठकीत श्रोत्यांची कमतरता नव्हती. सोफ्यावर एक पर्शियन मांजर होतं, टीव्हीशेजारी कडकनाथ कोंबडा होता आणि दाराजवळच्या स्टुलावर पांढरा पॉमेरेनियन मान तिरकी करून बसला होता. कोणीही विरोध केला नाही. विरोध करायची त्यांची सवय सुटून बरेच दिवस झाले होते. तिघेही वारलेले होते.

जिवंत श्रोता एकच, लतिकाबाई. त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"अच्छा. आणि या वर्षी महालक्ष्म्या कुठे बसवायच्या? कोंबड्याच्या मांडीवर?"

आता तुम्ही म्हणाल, सभ्य माणसाच्या बैठकीत हा मेळा आला कुठून? तर रत्नाकररावांनी उभा जन्म जनावरांच्या कॉलेजातल्या म्युझियममध्ये काढला. मेलेल्या प्राण्याला पुन्हा उभं करणं हे त्यांचं काम. लोक त्याला पेंढा भरणं म्हणतात. जबलपुरात तर सरळ 'भुसावाले अंकल' म्हणतात. भुसा हा शब्द ऐकला की रत्नाकररावांचं पित्त खवळायचं. कातडं कमावणं, आतला साचा घडवणं, पापणीखाली मातीची रेघ देऊन नजर आणणं, ही कला आहे आणि यात पेंढ्याची एक काडी नसते, हे ते दर लग्नात किमान दोन पाहुण्यांना जेवताना समजावून सांगत. पाहुणे मग मठ्ठा घेऊन दुसऱ्या टेबलावर जात.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरीच काम सुरू केलं. अट एकच, फक्त पाळीव प्राणी. रानातलं काही घेऊन कोणी आला तर ते त्याला वनखात्याचा रस्ता दाखवायचे, आणि तो माणूस नेमका उलट्या रस्त्याने जायचा.

काम भरपूर यायचं. कुत्रं गेलं की मालक रडत यायचा, रत्नाकररावांचे हात धरायचा, म्हणायचा, काका, कितीही लागू द्या, पण माझा शेरू मला परत द्या. अडचण एवढीच की शेरू तयार व्हायला महिने लागतात आणि दुःख तेवढा वेळ थांबत नाही. शेरू तयार होईपर्यंत घरात नवं पिल्लू आलेलं असायचं. मग सुरू व्हायचं पंचांग! बड़ा फुहारा बाजारातले कापडवाले शेठ मांजर न्यायला येणार होते, पण खरमास लागला, म्हणजे महिनाभर शुभकार्य बंद. खरमास संपला तर पंचक आलं. पार्षद, म्हणजे नगरसेवक, गुणवंत भैयांचा कडकनाथ तर अधिक महिन्यात अडकला तो अडकलाच. दिवाळीत लक्ष्मी घराबाहेर काढायची नसते, आणि दिवाळीनंतर ती घरात सापडत नाही.

"या लोकांना पैसे द्यायचे म्हटलं की बरे सणवार आठवतात," रत्नाकरराव कडवटपणे म्हणत. तेवढ्यात फिरोजाबादहून मुस्तकीमभाईंचा फोन यायचा. ते काचेचे डोळे करायचे. मांजराचे हिरवे, कुत्र्याचे तपकिरी, कोंबड्याचे नारिंगी. बैठकीतली सगळी नजर त्यांचीच, उधारीवर आलेली. रत्नाकरराव फोन घेऊन अंगणात जायचे आणि आवाज खाली आणून म्हणायचे, "मुस्तकीमभाई, अभी ज़रा चौमासा चल रहा है."

"जी पांडेजी," तिकडून शांतपणे उत्तर यायचं, "पिछली बार खरमास था."

तर लतिकाबाई. या केंद्रीय विद्यालयात गणित शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे त्यांचं बोलणं उत्तरापाशीच संपायचं. त्यांनी सांगितलं की महालक्ष्म्या बसायच्या आधी बैठक रिकामी पाहिजे. नाही झाली, तर हा सगळा मेळा गोदामात आणि मागची कामाची खोली कायमची बंद.

"आणि मी काय करू दिवसभर?"

"आमच्या भजनी मंडळात या. टाळ वाजवणारा कोणी नाही आहे."

रत्नाकररावांच्या डोळ्यांसमोर ते दृश्य उभं राहिलं. पंधरा-वीस बायका, मध्ये आपण, हातात टाळ, आणि वर 'भाऊजी, ठेका चुकून राहिला'. त्यांनी चहा अर्धा सोडला. त्यांच्या आयुष्यात चहा अर्धा सुटल्याची ही दुसरी वेळ. पहिली लग्न ठरलं तेव्हाची.

तिघा बिनपैशाच्या पाहुण्यांत मोठं प्रकरण होतं त्या पॉमेरेनियनचं. त्याचं नाव दिवाणजी. मालक सदर बाजार भागातले चिंतामणराव सुभेदार. भोसल्यांच्या चाकरीत त्यांचे पूर्वज नर्मदेकाठी आले, ही गोष्ट ते नवीन माणसाला नावाच्या आधी सांगत. त्यांच्या बंगल्यात कुत्र्यालाही आदरार्थी बहुवचन होतं. दिवाणजी जेवले, दिवाणजी रागावले. हयातभर दिवाणजींनी एकच काम केलं, बंगल्याच्या गच्चीवर कावळा उतरू दिला नाही. सौभाग्यवती हेमलताबाई सांगायच्या की आमचे दिवाणजी एक कान उभा करून, मान तिरकी करून आभाळाकडे असे बघायचे की कावळा वरच्या वर वळायचा. रत्नाकररावांनी नेमकी तीच नजर पकडली होती. त्या एका नजरेसाठी त्यांनी तीन वेळा पापण्या मोडून केल्या होत्या.

सुभेदार बघायला आले. चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं, काठीने हलकेच टोचलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण जिवंतपणा नाही."

"साहेब, ते वारले आहेत," रत्नाकरराव म्हणाले.

"ते आम्हाला ठाऊक आहे. अग्नी देणार होतो, तर तुम्हाला दिले. जिवंतपणा आणा, पैसे घेऊन जा. सुभेदारांनी आजवर कोणाचं देणं ठेवलेलं नाही."

त्यानंतर रत्नाकररावांनी मान अर्ध्या बोटाने वळवली, नाकाला पुन्हा ओलसर चकाकी दिली, कान किंचित पुढे घेतला. सुभेदार येत, बघत, "अजून नाही" म्हणत आणि चहा पिऊन जात. चहाबरोबर चिवडाही लागे. लतिकाबाईंनी एकदा हिशेब केला, तेव्हा कुत्र्याच्या मजुरीपेक्षा चिवडा पुढे गेला होता.

आणि श्रावण सरता सरता सुभेदारांचा फोन आला.

हेमलताबाईंच्या स्वप्नात दिवाणजी आले होते. ताटासमोर बसले होते, पण जेवत नव्हते. दिवाणजींना जाऊन वर्ष पूर्ण होत होतं, तेव्हा नर्मदेच्या ग्वारीघाटावर त्यांचं वर्षश्राद्ध करायचं ठरलं. पंडित अंजनीप्रसादांना विचारलं की कुत्र्याचं श्राद्ध शास्त्रात आहे का. पंडितजी म्हणाले होते, शास्त्रात मनाई कुठे आहे ते दाखवा. प्रश्न मिटला. फक्त विधीच्या वेळी दिवाणजी स्वतः समोर असावेत अशी हेमलताबाईंची इच्छा होती. तर तासाभरासाठी पाठवून द्या.

लतिकाबाईंनी हे ऐकलं आणि लाटणं थांबवलं. "एकदा त्या बंगल्यात गेले की दिवाणजी परत येणार नाहीत. तुम्ही काहून एवढे भोळे बनून राहिले?"

"मी स्वतः मांडीवर घेऊन जातो आणि मांडीवर परत आणतो," रत्नाकरराव म्हणाले. "माल माझ्या हातातून सुटणारच नाही."

अशा रीतीने, ठरलेल्या सकाळी, झब्बा घातलेला एक गृहस्थ आणि त्याच्या मांडीवर बसलेला एक पांढरा कुत्रा ऑटोतून ग्वारीघाटाकडे निघाले. ऑटोवाल्याने आरशात बघितलं. पुन्हा बघितलं.

"अंकल, काटेगा तो नहीं?"

"नहीं."

"मेरे को घूर रहा है."

"सबको घूरता है."

ऑटोवाला पुढे सरकत सरकत हँडलवर जाऊन बसला. सदरच्या बाजारात मिठाईच्या दुकानाशी ऑटो अडकला, तेव्हा तिथल्या मोकाट कुत्र्यांनी दिवाणजींना बघितलं. आधी ते गुरगुरले. दिवाणजी हलले नाहीत. एवढा माज सदरच्या कुत्र्यांनी कधी बघितला नव्हता! आठ-दहा जणांनी भुंकत ऑटोचा पाठलाग सुरू केला. ऑटोवाल्याने मिलिटरीची गाडी मागे टाकली, एक वळण चुकवलं, एका सायकलवाल्याला बोळात घातलं आणि ग्वारीघाट आल्यावर रत्नाकररावांना उतरवून कुत्र्याचं वेगळं भाडं मागितलं. एरवी रत्नाकरराव भांडले असते. आज त्यांनी ते खुशीने दिलं. एका ऑटोवाल्याने आणि आठ-दहा कुत्र्यांनी दिवाणजींना जिवंत ठरवलं होतं. सुभेदार तेवढे राहिले होते.

नर्मदा भरून वाहत होती. खालच्या पायऱ्या पाण्यात, म्हणून विधी वरच्या पायरीवर मांडला होता. सुभेदार सोवळ्यात, शेजारी हेमलताबाई, आणि बंगळुराहून रजेवर आलेला मुलगा वेदांग, ज्याला मराठी सगळी समजायची पण बोलताना मध्येच हिंदीचा आधार लागायचा. दिवाणजींना पाटावर बसवण्यात आलं. समोर पिंड, आणि पिंडाशेजारी दिवाणजींची आवडती खोव्याची जलेबी, बड़ा फुहाऱ्याहून सकाळी ताजी आणलेली. तिचा वास घाटावर पसरला आणि बघता बघता पिंपळावर कावळ्यांची रांग लागली.

पंडितजींनी मंत्र म्हटले, पाणी सोडलं आणि सगळे चार पावलं मागे सरले. आता कावळा शिवला की झालं.

कावळा शिवेना.

ग्वारीघाटचे कावळे भिडस्त नाहीत. माणसाच्या हातातली पुरी नेतात. पण त्या दिवशी एक कावळा खाली झेपावला, जलेबीपर्यंत आला आणि हवेतच वळून परत फांदीवर गेला. दुसरा आला, तोही वळला. तिसऱ्याने वरूनच अंदाज घेतला आणि चोच पुसली.

"कुछ इच्छा रह गई है," पंडितजी म्हणाले. त्यांना याच सकाळी आणखी दोन ठिकाणी जायचं होतं.

इच्छा राहिली की घरच्यांनी वचन द्यायचं असतं, हे सगळ्यांना माहीत. सुभेदार पुढे झाले, हात जोडले. म्हणाले, दिवाणजी, तुमची गादी आम्ही कोणाला देणार नाही. कावळे जागचे हलले नाहीत. हेमलताबाईंनी पदराने डोळे टिपत वचन दिलं की दर शनिवारी रस्त्यावरच्या कुत्र्यांना दूध-पोळी घालीन. एक कावळा फांदीवर थोडा सरकला, पण तो शेजाऱ्याला जागा देत होता. मग वेदांगला पुढे ढकललं. तो गडबडला. "दिवाणजी, मी… मतलब, मी रोज व्हिडिओ कॉल…" आणि तिथेच थांबला, कारण कोणाला करणार ते त्याचं त्यालाही कळेना.

रत्नाकरराव बाजूला उभे राहून बघत होते. चौथा कावळा वळला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. कावळा जलेबीकडे बघत येत होता आणि शेवटच्या क्षणी दिवाणजींकडे बघून वळत होता. उभा कान, तिरकी मान, आभाळाकडे रोखलेली नजर! सदरचा बंगला ग्वारीघाटाहून लांब नाही. यातल्या कितीतरी जणांनी दिवाणजींना गच्चीवर सोसलं असेल.

असं प्रशस्तिपत्र रत्नाकररावांना म्युझियमच्या साहेबांनी कधी दिलं नव्हतं. त्यांना वाटलं, पुढे होऊन सांगावं की अहो, इच्छा वगैरे काही नाही, कुत्रा उचला, कावळा येतो. प्रामाणिक माणूस होता तो. त्यांनी तोंड उघडलंही. पण तेवढ्यात पंडितजींनी प्रत्येक श्राद्धात विचारायचा तो शेवटचा प्रश्न विचारला.

"किसी का लेना-देना तो बाकी नहीं?"

रत्नाकररावांनी तोंड मिटलं आणि ते नर्मदेच्या प्रवाहाकडे बघू लागले. फार सुंदर प्रवाह होता.

"सुभेदारांनी आजवर कोणाचं देणं ठेवलेलं नाही," सुभेदार म्हणाले.

पिंपळावरचे दोन कावळे उडाले आणि पलीकडच्या देवळाच्या कळसावर जाऊन बसले.

एव्हाना घाटावर गर्दी जमली होती. फुलवाले, नाववाले, आंघोळीला आलेल्या बायका. सगळ्यांनी कावळे जाताना बघितले आणि मग सुभेदारांकडे बघितलं. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "झूठ बोला, देखो."

हेमलताबाईंचा बांध फुटला. "अहो, बोला ना एकदाचं! इतके महिने त्या माणसाचा चिवडा खाऊन राहिले तुम्ही. माझे दिवाणजी उपाशी आहेत तिकडे!"

भोसल्यांच्या काळापासून ताठ असलेली मान हळूहळू वाकली. "बरं," सुभेदार पुटपुटले. "पांढरीपांड्यांचे पैसे देऊ."

कावळे बसूनच.

"'देंगे' नहीं चलेगा," पंडितजी म्हणाले. "इन्होंने बहुत 'देंगे' सुने होंगे."

वेदांगने मोबाईल काढला. सोवळ्यातल्या सुभेदारांनी लांबूनच बोट लावलं, रत्नाकररावांच्या खिशातला फोन किणकिणला. सुभेदारांनी हात जोडून, भरल्या घाटासमोर, खणखणीत आवाजात सांगितलं, "दिले. चिवड्यासकट दिले."

आता हा क्षण रत्नाकररावांचा होता आणि तो त्यांनी वाया घालवला नाही. ते शांतपणे पुढे झाले. "पैसे पोचले, माल तुमचा," असं म्हणून त्यांनी दिवाणजींना पाटावरून उचललं, चादरीत गुंडाळलं, सुभेदारांच्या मोटारीपर्यंत नेलं, मागच्या डिक्कीत ठेवलं आणि झाकण लावलं.

झाकणाचा आवाज झाला आणि पिंपळ रिकामा झाला. एक, दोन, पाच, दहा कावळे! पिंड कुठे, जलेबी कुठे, कळायला मार्ग नव्हता. "नर्मदे हर!" घाट दुमदुमला. म्हातारीने रत्नाकररावांच्या पाया पडायचा प्रयत्न केला. सुभेदार मोटारीपाशी आले, डिक्की किंचित उघडून आत बघितलं आणि चष्मा पुसला.

"पांढरीपांडे, आज जिवंतपणा आला."

"आज आला," रत्नाकररावांनी मान्य केलं.

घरी येऊन त्यांनी लतिकाबाईंना सगळं खरं सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या. ऐकता ऐकता हात थांबला.

"म्हणजे कावळ्यांना तो खरा वाटला?"

"हो."

लतिकाबाईंनी पुढची पोळी लाटायला घेतली. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याच्या कामाला चांगलं म्हटलं नव्हतं. आजही म्हटलं नाही. पण पोळीवर तूप नेहमीपेक्षा जास्त आलं, आणि ते गणित रत्नाकररावांना बरोबर समजलं.

पुढे मागावंच लागलं नाही. घाटावरची गोष्ट जबलपुरात पसरली आणि पसरताना वाढली. पांढरीपांड्यांचे पैसे ठेवले तर कावळा शिवत नाही, इथून सुरू होऊन ती पैसे ठेवणाऱ्याच्या दारात कावळे येऊन बसतात, इथवर गेली. बड़ा फुहाऱ्याचे शेठ भरपावसात मांजर न्यायला आले. पंचक चालू होतं, पण म्हणाले, पंचकात नेलेलं पाचपट लाभतं. गुणवंत भैयांनी कडकनाथ न्यायला सहा कार्यकर्ते, एक बोलेरो आणि हार पाठवला. महालक्ष्म्या बसल्या तेव्हा बैठकीत त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका रत्नाकररावांकडे जरा दबून बघत होत्या. भजनी मंडळाने टाळासाठी दुसरा माणूस शोधला.

रत्नाकरराव तरंगत होते. अंधश्रद्धा आणि कारागिरी यांतला फरक ते आता लग्नाची वाटसुद्धा न बघता, दिसेल त्याला समजावून सांगत होते. कावळ्याला काय कळतं देणं-घेणं? त्याला दिसतो तो कुत्रा!

मग पितृपक्ष लागला. रत्नाकररावांच्या वडिलांची तिथी आली. लतिकाबाईंनी वडे, खीर, आमसुलाची चटणी करून गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं. पाण्याच्या टाकीवर कावळा बसलाच होता. त्याने पानाकडे बघितलं. मग रत्नाकररावांकडे बघितलं. आणि बसून राहिला.

बराच वेळ गेला. खीर थंड झाली. लतिकाबाईंनी सासऱ्यांना सांगितलं की तुमची पितळी समई मी रोज घासून ठेवते. कावळा हलला नाही.

"बघा ना, आसपास काही कुत्रं-बित्रं असेल," त्या म्हणाल्या.

रत्नाकररावांनी गच्ची बघितली, जिना बघितला, खाली वाकून गल्ली बघितली. कुत्रं सोडाच, मांजरही नव्हतं. बैठक तर रिकामीच होती.

"कोणाचं देणं राहिलं आहे का हो?"

"छे. काहीतरीच. हे सगळं कारागिरीचं…" रत्नाकरराव बोलता बोलता थांबले. कावळा एका डोळ्याने त्यांच्याकडे बघत होता. गोल, काळाभोर, चकचकीत डोळा. असा डोळा फक्त फिरोजाबादला तयार होतो.

"पाणी घेऊन येतो," असं म्हणून ते खाली गेले. अंगणात जाऊन त्यांनी सगळे पैसे पाठवले आणि मग मुस्तकीमभाईंना फोन लावला.

"पहुँच गए पांडेजी," मुस्तकीमभाईंचा आवाज नेहमीसारखाच शांत होता. "मगर आज कैसे? अभी तो पितरपख चल रहा है. आपके यहाँ तो इसमें लेन-देन बंद रहता है ना?"

रत्नाकरराव पाण्याशिवायच वर आले. पान साफ झालं होतं. लतिकाबाईंनी त्यांच्या हातातल्या मोबाईलकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. कावळ्यानेही नाही. तो टाकीवर बसून निवांत चोच पुसत होता.